वालधुनीकाठची जमीन आणि क्षार सोसणारे जिवाणू

क्षारपड जमिनीसाठी म्हणून जिवाणू खतांच्या बाटल्या बाजारात मिळतात. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर परिसरातील भात व भाजीपाला उत्पादकांनी पैसे घालण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यावी. जिवाणू पिकाला क्षार सोसायला मदत करतात. जमिनीतले क्षार काढत नाहीत.

क्षारांच्या ताणात पिकात इथिलीन वाढते व मुळांची वाढ खुंटते. स्युडोमोनास, बॅसिलस यांच्या काही जाती, इथिलीन ज्यापासून बनते तो घटकच फोडतात. काही जिवाणू चिकट स्राव सोडून सोडियम मुळांबाहेर रोखतात. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने ‘हॅलो-अझो’ व ‘हॅलो-पीएसबी’ ही क्षारसहनशील जिवाणू खते विकसित केली आहेत.

पण क्षार येतात कुठून, हे आधी पाहा. खाडीकाठी ते भरतीच्या पाण्यातून येतात. पावसाने बरेचसे धुतले जातात. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राचे पनवेल-१, २, ३ हे भात वाण तेथे उपयोगी पडतात.

वालधुनीकाठची गोष्ट वेगळी. ही नदी अंबरनाथ, उल्हासनगरचे सांडपाणी घेऊन वाहते. उल्हास व वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये सुमारे ९५ कोटींचा दंड ठोठावला होता. असे पाणी उन्हाळी भाजीला दिले, तर प्रत्येक पाळीबरोबर क्षार आणि जड धातूही शेतात येऊ शकतात. तेथे जिवाणूंवरचा खर्च वाया जाण्याचीच शक्यता अधिक. पाण्याचा स्रोत बदलणे हाच खरा उपाय. तोवर पालेभाज्या टाळा.

काय करावे?

- माती व पाणी दोन्ही तपासा. मातीची विद्युत वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त असेल तर जमीन क्षारयुक्त समजावी. भाताला ३ च्या पुढेच फटका बसू लागतो.
- आधी निचऱ्याचे चर काढा, शेणखत द्या. जिप्सम फक्त चोपण जमिनीत, अहवाल पाहूनच.
- पाकीटबंद जिवाणू खत २५० ग्रॅम प्रति १० किलो बियाण्यास, सावलीत चोळा. बुरशीनाशक आधी, जिवाणू नंतर.
- द्रवरूप खताच्या बाटलीवर अंतिम तारीख आणि प्रति मिलि किमान १० कोटी जिवाणू, हे पाहूनच घ्या.
- एक पट्टा जिवाणूंविना ठेवा. कापणीला दोन्हींचे वजन करा.

कृषी सहायकांनी वाहकतेचा अहवाल पाहिल्याशिवाय जिवाणूंची शिफारस करू नये. नदीत सांडपाणी सोडणाऱ्यांची जबाबदारी शेतकऱ्याने बाटली विकत घेऊन भरून निघत नाही.