प्रसूतीची पूर्वतयारी कोणाच्या वाट्याला?

महाराष्ट्रात प्रसूती आता घरात होत नाही, रुग्णालयात होते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील ९४.७ टक्के बाळंतपणे वैद्यकीय संस्थांत झाली. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आल्यापासून शासनाने जी खटपट केली तिचे हे फळ होय, आणि त्याचे श्रेय देताना कोणी कृपणता दाखवू नये. परंतु प्रसूतीची जागा बदलली म्हणजे प्रसूतीची तयारीही झाली, असे मानणे भ्रामक आहे. गर्भवतीचे वजन केले जाते, रक्तदाब पाहिला जातो, लोहाच्या गोळ्या हाती पडतात, धनुर्वाताची लस टोचली जाते. मात्र ज्या शरीराला पुढे कित्येक तास कळा सोसावयाच्या आहेत, त्याने श्वास कसा घ्यावा, पाठ कशी सांभाळावी, कोणते स्नायू आवळावे आणि कोणते सैल सोडावे, हे तिला बहुधा कोणीच सांगत नाही.

गर्भारपण हा आजार नव्हे. पण शरीराच्या रचनेवर त्याचा जो भार पडतो तो सामान्यही नव्हे. वजन वाढते, संप्रेरकांच्या परिणामाने सांध्यांचे बंध सैल होतात, पोटाचे उभे स्नायू मध्यरेषेपासून दूर सरकतात, कंबरेचा बाक वाढतो. ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे पसरलेले स्नायू मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून आधार देत असतात. नऊ महिने वाढता भार पेलावयाचा तो त्यांनीच, आणि प्रसूतीच्या क्षणी ताणले जावयाचे तेही त्यांनीच. ते दुबळे राहिले की खोकताना, शिंकताना, हंडा उचलताना लघवी सुटते. कित्येकींचे पुढे अंग बाहेर येते. ही दुखणी प्राणघातक नसल्यामुळे मृत्यूच्या तक्त्यांत दिसत नाहीत आणि लाजेमुळे दवाखान्याच्या नोंदवहीतही फारशी येत नाहीत. स्त्रिया ती वर्षानुवर्षे निमूटपणे वागवतात.

या प्रश्नाकडे भौतिकोपचाराचे लक्ष गेले त्यालाही आता मोठा काळ लोटला. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात मिनी रँडल यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच बाळंतिणींसाठी आणि पुढे गर्भवतींसाठी व्यायामक्रम बसविला. १९३३ मध्ये ग्रँटली डिक-रीड या इंग्रज प्रसूतितज्ज्ञाने भीतीमुळे शरीर ताठरते आणि ताठरल्यामुळे वेदना वाढते, असा विचार मांडला. १९४८ मध्ये अमेरिकेतील आर्नोल्ड केगल यांनी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम वैद्यकीय जगापुढे ठेवले. त्यांतील काही दावे पुढे अतिशयोक्त ठरले, पण गाभा टिकला. गर्भारपणात हे स्नायू शिस्तीने आवळण्या-सोडण्याचा सराव करणाऱ्या स्त्रियांत शेवटच्या महिन्यांत आणि प्रसूतीनंतर लघवी सुटण्याचे प्रमाण कमी राहते, हे अनेक चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणातून दिसून आले आहे. धोक्याची लक्षणे नसलेल्या गर्भवतीने आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले. कळा येत असताना स्त्रीला हिंडू-फिरू द्यावे आणि उभ्या वा बसत्या स्थितीस उत्तेजन द्यावे, ही शिफारस तिने २०१८ मध्येच केली होती. परंतु जिला उकिडवे बसण्याचा सराव नाही आणि कळेबरोबर श्वास सोडण्याची सवय नाही, तिला ऐन वेळी मिळालेली ही मोकळीक काय कामाची?

यावर एक ठरलेले उत्तर आहे. जात्यावर दळणाऱ्या आणि विहिरीचे पाणी शेंदणाऱ्या आज्यांना कोणत्या व्यायामाची गरज पडली, असे विचारले जाते. या प्रश्नात सत्यापेक्षा स्मरणरंजन अधिक आहे. त्या आज्यांपैकी किती बाळंतपणातच गेल्या आणि किती जणींनी पुढचे आयुष्य पोटऱ्या बांधून व अंग सावरून काढले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. कष्ट आणि व्यायाम या दोन भिन्न गोष्टी आहेत. व्यायामाला माप असते, विश्रांती असते आणि थांबण्याची मुभा असते; कष्टाला यांतले काहीच नसते. सातव्या-आठव्या महिन्यात डोक्यावर मोळी घेऊन ट्रकवर चढणाऱ्या ऊसतोडणी मजूर स्त्रीचे स्नायू कामाने बळकट होत नाहीत, झिजतात. बीड जिल्ह्यातील अशा स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, त्यामागे या शरीरांची दीर्घकाळची हेळसांडही होती.

दुसरा गैरसमज याच्या नेमका उलट आहे. व्यायाम केला की शस्त्रक्रिया टळते, अशी हमी देणाऱ्या जाहिराती शहरांत सर्रास दिसतात. देशातील शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण चौथ्या पाहणीतील १७.२ टक्क्यांवरून पाचव्या पाहणीत २१.५ टक्क्यांवर गेले. महाराष्ट्रात ते २५.४ टक्के आढळले. देशभरातील सरकारी संस्थांत हे प्रमाण १४.३ टक्के, तर खासगी संस्थांत ४७.४ टक्के होते. रुग्णालयाचा उंबरठा बदलताच एवढा फरक पडत असेल, तर त्याचे संपूर्ण कारण स्त्रीच्या स्नायूंत शोधणे हा तिच्यावरचा अन्याय होईल. भौतिकोपचाराने कंबरदुखी आवरते, दम टिकतो, भीती ओसरते, बाळंतपणानंतर शरीर लवकर सावरते. वार खाली असणे, रक्तस्राव, वाढलेला रक्तदाब अशा स्थितीत मात्र व्यायाम वैद्यकीय सल्ल्यावाचून करूच नये. शस्त्रक्रिया करावी लागलेल्या स्त्रीला आपण तयारीत कमी पडलो असे वाटावे, हा या शास्त्राचा हेतू नाही. तिलाही या व्यायामाची तितकीच गरज असते.

आज हे ज्ञान मिळते कोणाला? मुंबई, पुणे, नाशिक येथे शुल्क भरून गर्भवतींचे वर्ग चालतात. त्यांत कोठे अर्हताप्राप्त भौतिकोपचारतज्ज्ञ शिकवितात, तर कोठे गर्भसंस्काराच्या नावाखाली बरेच काही खपविले जाते. लिपिकाच्या किंवा शिक्षकाच्या घरात हा खर्च कसाबसा पेलतो, शेतमजुराच्या घरात त्याचा विचारही होत नाही. सरकारी आरोग्यसेवेत भौतिकोपचारतज्ज्ञ मुळीच नाही, असे नव्हे. बालकांच्या विकासदोषांवर उपचार करणाऱ्या जिल्हा केंद्रांच्या आराखड्यात त्याचे पद आहे. वृद्धांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमातही त्याला स्थान आहे. जन्मलेल्या बालकासाठी तो आहे, थकलेल्या वृद्धासाठी तो आहे; जी जन्म देते तिच्यासाठी मात्र त्याची योजना कोणाला सुचलेली दिसत नाही.

ही उणीव भरून काढण्यास फार मोठी यंत्रणा लागणार नाही. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानानुसार २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. तपासणीच्या रांगेत जाणाऱ्या वेळातील अर्धा तास सामूहिक व्यायामाला देता येईल. जिल्हा रुग्णालयातील भौतिकोपचारतज्ज्ञाने परिचारिकांना शिकवावे, परिचारिकांनी गर्भवतींना शिकवावे, आणि व्यायाम कोणी करू नये याची यादी भिंतीवर मराठीत लावावी. बाळंतपणानंतरच्या बेचाळीस दिवसांत नवजात अर्भकासाठी आशा कार्यकर्ती सहा वेळा घरी जाते. बाळाचे वजन करताना आईला दोन व्यायाम दाखविणे आणि लघवी सुटते का, हे आडपडदा न ठेवता विचारणे तिला अशक्य नाही. मात्र त्यासाठी तिला प्रशिक्षण आणि योग्य मोबदला द्यावा लागेल. नुसते आणखी एक काम तिच्या माथी मारून भागणार नाही.

कुटुंबालाही आपला वाटा उचलावा लागेल. सातव्या महिन्यात ओटी भरण्याचा सोहळा जितक्या हौसेने होतो, तितक्याच नेमाने त्या मुलीला रोज अर्ध्या तासाची सवड मिळाली पाहिजे. सुखरूप सुटका झाली, एवढे म्हणून समाधान मानण्याची आपल्या समाजाला जुनी सवय आहे. आई आणि मूल जगले, हे यश मोठेच. पण त्या आईला पुढची तीस-चाळीस वर्षे न अवघडता हसता, चालता आणि ओझे उचलता यावे, ही अपेक्षाही आता शासनाच्या उद्दिष्टांत लेखी स्वरूपात आली पाहिजे.