पाचवीची रात्र आणि न वाचलेला कागद

गेल्या वर्षी आमच्या घरी पाचवीची पूजा मांडली होती. पुतण्याला मुलगा झाला होता. सूनबाई चंदगडकडची, पण बाळंतपण बेळगावातच केले. बाळ सकाळपासून झोपूनच होते. "किती गुणी बाळ, रडणे म्हणून नाही," असे घरातल्या वडीलधाऱ्या बायका कौतुकाने म्हणत होत्या. "हा दूध ओढत नाही हो," असे सूनबाई दोनदा बोलली. "पहिलटकरीण आहेस, उगाच घाबरतेस," म्हणून तिला गप्प केले. गप्प करणाऱ्यांत मीही होतो.

पूजेला आलेल्या शेजारच्या निवृत्त नर्सबाईंनी बाळाचे तळपाय चाचपले. ते गार होते. घड्याळ लावून मिनिटभर श्वास मोजले, ते सत्तरच्या वर भरले. "पूजा राहू द्या, आधी रिक्षा बोलवा," एवढेच त्या म्हणाल्या. रक्तात जंतुसंसर्ग झाला होता. नऊ दिवस दवाखान्यात काढून बाळ घरी आले. सटवाईने कपाळी काय लिहिले ते आम्हाला ठाऊक नाही, पण अर्धा दिवस आम्ही वाया घालवला, हे खरे.

नंतर फाईल चाळताना घरी सोडताना दिलेला एक कागद सापडला. बाळाच्या धोक्याची लक्षणे त्यात ओळीने छापलेली होती, पण कन्नड आणि इंग्रजीत. चंदगडला मराठी शाळेत शिकलेल्या मुलीने ती वाचायची कशी? मी बँकेत कारकून आहे. साध्या पाच हजारांच्या फॉर्मवरही ग्राहकाला त्याच्या भाषेत समजावून मगच सही घेतो. जिवाच्या कागदाला तेवढाही मान नसावा?

म्हणून ती लक्षणे इथे देतो. बाळ दूध ओढेनासे होणे, हलवल्याशिवाय हालचाल न करणे, मिनिटाला 60 किंवा अधिक श्वास, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, अंग तापणे किंवा गार पडणे, झटके येणे, पहिल्याच दिवशी कावीळ दिसणे किंवा पुढे तळहात-तळपाय पिवळे होणे, नाळेभोवती लाली किंवा पू. यांतले एक दिसले तरी तडक दवाखाना गाठावा. अंगारा, गुटी, उद्या बघू, हे काही नको. सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळावर मोफत उपचाराची योजना 2011 पासून आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना ही लक्षणे ओळखायला शिकवले, घरच्या घरी उपचार करायला शिकवले आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी केले. 1999 साली 'लॅन्सेट'ने ते जगापुढे मांडले. पुढे 2011 मध्ये आशाताईंनी बाळंतिणीच्या घरी जाण्याची योजना देशभर आली. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा, असे भेटींचे दिवस ठरले आहेत. हे काम त्या बायकांच्या भाषेत झाले म्हणूनच ते साधले, असे मला वाटते.

कुणी म्हणेल, तान्ह्या बाळात भाषेचे राजकारण कशाला आणता? आमचा कन्नडला विरोध नाही. कन्नड राहू द्या, शेजारी मराठीही छापा. पंधरा टक्क्यांहून अधिक भाषिक अल्पसंख्य असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे केंद्राने 1956 सालीच मान्य केले आहे. बेळगाव-खानापूर त्यात बसत नाही, असे कोण म्हणेल? सीमाप्रश्न न्यायालयात 2004 सालापासून आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत तान्ही बाळे थांबू शकत नाहीत.

मंडळाने जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे ही मागणी लेखी करावी. ती मान्य होईपर्यंत आपण स्वतः मराठी पत्रक छापून प्रत्येक बाळंतिणीच्या घरी पोचवावे. खर्च हळदीकुंकवाच्या वाणापेक्षा जास्त येणार नाही. आणि घरातल्या मोठ्यांनी एक पथ्य पाळावे. आई म्हणाली, "बाळाचे काहीतरी वेगळे वाटते," तर तिला गप्प करू नये.