अळंबी घ्यायला आलेला भिक्षू

शून्याला आमचे विद्यार्थी घाबरतात, कारण उत्तरपत्रिकेवर त्याचा भोपळा होतो. मोठी माणसे मात्र त्याचा आधार घेतात. सारेच शून्य, सारेच मिथ्या, मग एवढी यातायात कशाला, असे म्हणून ती स्वस्थ बसतात! नागार्जुनाला हे मुळीच अभिप्रेत नव्हते. कोणतीही वस्तू केवळ स्वतःच्या बळावर उभी नाही, ती इतरांच्या आधाराने आहे, हीच त्याची शून्यता. ज्याला आपण कौतुकाने 'मी' म्हणतो, त्याचीही गत तीच.

आपला 'ध्यान' हा शब्द चीनमध्ये 'चान' झाला आणि जपानात 'झेन'. १२२३ साली दोगेन हा तेवीस वर्षांचा जपानी भिक्षू धर्माच्या शोधार्थ चीनला गेला. निंगबो बंदरात जहाजावर त्याचा मुक्काम असताना एकसष्ट वर्षांचा एक चिनी भिक्षू अळंबी विकत घ्यायला तेथे आला. आपल्या सम्राट अशोकाचे नाव धारण करणाऱ्या पर्वतावरील मठाचा तो 'तेन्झो', म्हणजे मुदपाकखान्याचा प्रमुख. मठातील भिक्षूंना शेवयांचे कढण द्यायचे होते, त्यासाठी हा वृद्ध पंधरा-वीस किलोमीटरांची वाट तुडवून आला होता. दोगेनने राहण्याचा आग्रह केला. या वयात ध्यान आणि ग्रंथ सोडून स्वयंपाकाची दगदग कशासाठी, असेही विचारले. म्हातारा हसला. साधना म्हणजे काय हे तुला अजून कळलेले नाही, अशा अर्थाचे काही बोलून तो अंधार पडायच्या आत निघून गेला.

दोगेन हे विसरला नाही. मायदेशी परतल्यावर क्योतोच्या केन्निन्जी मठात त्याने पाहिले, की तेथे तेन्झो हे पद नावापुरतेच आहे. अधिकारी खोलीत आणि काम नोकरावर. १२३७ साली त्याने 'तेन्झो क्योकुन' हा छोटा ग्रंथ लिहिला. तांदळाचा एक दाणाही वाया जाऊ देऊ नये, पालेभाजी साधी म्हणून तिला हलके लेखू नये, अन्न पाठवण्यापूर्वी तेन्झोने भिक्षूंच्या दालनाकडे तोंड करून नऊ वेळा नमस्कार करावा, असे त्यात सांगितले आहे. रांधणारा आणि जेवणारा यांतला 'मी' तेवढ्यापुरता तरी विरघळत असावा.

येथे आम्हाला एक शंका येते. तेन्झो हा मठाच्या सहा मानाच्या अधिकाऱ्यांपैकी एक. ते पद अनुभवी साधकाला मिळे. आपल्या घरांत तीच दगदग जन्मभर जिच्या वाट्याला येते, तिला कोणी विचारले होते? तिला चुलीपुढचे अध्यात्म शिकवायला जाणे आम्हाला प्रशस्त वाटत नाही. तो ग्रंथ बाहेरच्या खोलीत चहाची वाट पाहणाऱ्याने आधी वाचावा.

आमच्या सरकारी शाळांत मध्यान्ह भोजन शिजवणाऱ्या बायकांना वेतन नाही, मानधन मिळते, तेही तुटपुंजे. मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने अन्न चाखावे असा नियम आहे. आम्ही चाखतो आणि नोंदवहीत सही करतो. नमस्काराचा रकाना त्या वहीत नाही.