प्रयोगशाळेतले उपकरण नेमके कोणाच्या नावावर?

धुळ्यात पांझरा ओलांडली की देवपूर लागते. महाविद्यालयांचा हा भाग. साक्री, शिंदखेडा, शिरपूरकडची मुले विज्ञान शिकायला इकडे येतात. अशा महाविद्यालयांत प्रयोगशाळा कोणा एकाची नसते. एकाच टेबलावर सकाळी बीएस्सीची बॅच, दुपारी एमएस्सीची, संध्याकाळी पीएचडीचा विद्यार्थी. मग एखादी वस्तू दिसेनाशी झाली, तर विचारायचे कोणाला?

चोरी म्हटली की तुटलेले कुलूप आठवते. इथे त्याची गरजच नसते. सूक्ष्मदर्शकाचे १००एक्स भिंग हाताने फिरवून निघते आणि खिशात मावते. प्लॅटिनमची मूस मुठीत राहते. वर्णपटमापकाला जोडलेला लॅपटॉप गेला, तर त्यातले सॉफ्टवेअरही जाते आणि लाखोंचे यंत्र नुसते टेबल अडवून बसते.

उपाय म्हणून सीसीटीव्ही लावला जातो. तो आत कोण आले ते दाखवतो, खिशात काय गेले ते क्वचितच. शिवाय चोरी महिन्याने लक्षात आली, तर तोवरचे चित्रीकरण बहुधा पुसलेले असते. खरा प्रश्न चोरी किती दिवसांनी कळते, हा आहे.

केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार मालमत्तेची वर्षातून किमान एकदा प्रत्यक्ष पडताळणी अपेक्षित आहे. सामायिक प्रयोगशाळेला वर्ष फार झाले. प्रत्येक बॅचनंतर पाच मिनिटांची मोजणी हवी. घेणाऱ्याची आणि परत घेणाऱ्याची, दोघांची सही हवी.

मात्र डेड स्टॉक रजिस्टरचा सगळा भार प्रयोगशाळा परिचरावर टाकला, की तो पगारातून वसुलीच्या धाकाने उपकरण कपाटातच ठेवतो. चूक त्याची नाही. पण मुले मग प्रात्यक्षिक लांबूनच बघतात. आणि कपाटातली वस्तू सुरक्षित असते, हाही भ्रमच.

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातले गॅमा किरणांचे यंत्र १९८५ पासून पडून होते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते भंगारात लिलावाने विकले गेले. मायापुरीच्या भंगार बाजारात त्यातला कोबाल्ट-६० उघडा पडला आणि एकाचा जीव गेला. ती चोरी नव्हती. पण आत काय आहे, याची दखल विकताना कोणीच घेतली नाही.

म्हणून प्रत्येक महागड्या उपकरणामागे एका प्राध्यापकाचे नाव हवे. बदली किंवा निवृत्तीच्या वेळी ते लेखी दुसऱ्याकडे जायला हवे. अनुक्रमांकाचा फोटोही काढून ठेवावा. त्याशिवाय पोलिसांच्या फिर्यादीत फक्त ‘एक सूक्ष्मदर्शक’ एवढेच लिहिले जाते. तसे सूक्ष्मदर्शक बाजारात शेकड्यांनी आहेत.