परत आलेल्यांचीही नावे हवीत

पालघर जिल्ह्यातल्या आपल्या सालवड गावात माजी सैनिकांचे स्मारक हवे, असे म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला. इथे फौजी आहेतच कुठे? हा काय सातारा आहे? साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावातून पहिल्या महायुद्धात गेलेले 46 जण परतले नाहीत. तिथे घरटी गणवेश. आपल्याकडे शेती, मासेमारी आणि आता एमआयडीसी.

हा प्रश्न विचारणाऱ्याने सकाळी आठची पाळी सुरू होताना तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्याच्या गेटवर पाच मिनिटे उभे राहावे. गाडीचा नंबर रजिस्टरमध्ये सुवाच्य अक्षरात उतरवणारा, बुटांना पॉलिश केलेला, कामगार ज्याला ‘फौजी काका’ म्हणतात तो माणूस नीट पाहावा. 2022 पूर्वी सैन्यात भरती झालेला शिपाई पंधरा-सतरा वर्षे नोकरी करून चाळिशीच्या आतच घरी येतो. पेन्शन असते, पण मुले शाळेत असतात. मग दुसरी नोकरी गेटवरची. फौजी आहेत, आपण त्यांना वॉचमन समजून पुढे जातो, एवढेच.

यावर लगेच म्हणतात, ते बाहेरचे. कोणी सांगलीचा, कोणी बिहारचा. म्हणजे ‘स्थानिक’ कोण? याचे उत्तर पालघरच्या हुतात्मा चौकात केव्हाच दिलेले आहे. 14 ऑगस्ट 1942 ला ‘चले जाव’च्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण पडले. सातपाटीचे पागधरे, नांदगावचे ठाकूर, मुरब्याचे चुरी, पालघरचे तिवारी आणि आपल्या सालवडचे सुकुर गोविंद मोरे. तिवारींचे मूळ गाव कोणते, हे तिथे फूल वाहणारा कोणीही विचारत नाही. जो इथे राहिला, इथल्या लोकांबरोबर उभा राहिला, तो इथला.

मात्र याच हुतात्म्यांच्या नावाने एक आक्षेप घेतला जातो, आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. ज्या गावचा मुलगा सरकारी बंदुकीने मेला, त्या गावात बंदूक वागवणाऱ्यांचा दगड उभा करायचा? सुकुर मोरे यांच्या स्मृतीला हे शोभते का? भावना खरी आहे. पण ती 1942 वरच थांबते. चारच वर्षांनी, फेब्रुवारी 1946 मध्ये, मुंबईच्या ‘तलवार’ या नौदल तळावर खलाशांनी बंड केले आणि ते बंदरोबंदर पसरले. ती मुलेही गणवेशातलीच होती. कुलाब्याला त्यांचे स्मारक आहे. गणवेश एका बाजूला आणि हुतात्मा दुसऱ्या बाजूला, अशी सरळ वाटणी इतिहासात सापडत नाही. दोन्ही स्मारके एका दगडात कालवू नयेत, हे मात्र मान्य. हुतात्म्याची जागा त्याचीच राहावी.

गटार आधी, दगड नंतर, हा युक्तिवाद ऐकायला फार शहाणा वाटतो. पण पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधून दिले होते. गटार तुंबले असेल तर त्याचा हिशेब तिथे मागा. एका शिळेच्या खर्चात गटार होत नाही.

राहिला प्रश्न नव्या दगडाच्या गरजेचा. 2023 च्या ऑगस्टमध्ये ‘मेरी माटी मेरा देश’ मोहिमेत गावोगाव शिलाफलक बसलेच की. बसले. पण त्यांचा मान वीरमरण आलेल्यांना. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या भिंतींवरही धारातीर्थी पडलेल्यांचीच नावे, आणि ते योग्यच आहे. गावाच्या स्मारकाचे काम वेगळे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी महाराष्ट्रातल्या अनेक गावांत छोट्या पाट्या बसवल्या. या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके मेले, एवढाच मजकूर. साहेबाने परतलेल्यांनाही मोजले, पण नाव कोणाचेच लिहिले नाही. आपण नावे लिहितो, पण मेल्याशिवाय नाही. बोरिवलीजवळ एकसरला वीरगळ आहेत; गलबतांच्या रांगा, वल्ही, खाली चकमक, वर स्वर्गारोहण. शतके लोटली तरी आरमारी लढाई दगडात दिसते. त्यात लढलेल्यांची नावे मात्र आपल्याला ठाऊक नाहीत. सियाचीनला थंडीत बोटे गमावून आलेला किंवा काही न गमावता सतरा वर्षे सीमेवर काढून आलेला माणूस आज नाक्यावर भाजी घेतो आहे. त्याचे नाव तो जिवंत असतानाच लागले तर बिघडते कुठे?

तेव्हा मागणी नेमकी सांगतो. रणगाड्याचा सांगाडा नको, फायबरचा जवान तर नकोच. तारापूरच्या आम्ल हवेत संगमरवर खराब होणार, म्हणून काळा कातळ घ्या आणि अक्षरे रंगवू नका, कोरा. डिस्चार्ज बुक पाहून, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या नोंदीशी ताडून यादी करा. नाव, पलटण किंवा जहाज, भरती आणि निवृत्तीचे साल. खाली पुढच्या नावांसाठी जागा मोकळी ठेवा. क्रम हुद्द्याने नको, भरतीच्या सालाने लावा, म्हणजे शिपाई आणि सुभेदार आपोआप शेजारी येतील. कंपनीने पैसे दिले तर आभार माना, पण तिचे बोधचिन्ह शिळेवर नको. आणि उद्घाटन कोणाच्या शुभहस्ते झाले, हे लिहिल्याशिवाय कोणाचे चालतच नसेल, तर त्यासाठी मागची बाजू आहे.