आय-सेव्हनचे नाव आणि बारा व्होल्टचा हिशेब

येवल्यात पैठणी घ्यायला आलेले गिऱ्हाईक सहसा भोळे नसते. रेशीम कोणते, जर कोणती, हातमागाची की पॉवरलूमची, हे विचारल्याशिवाय ते भावाला हात घालत नाही. जाणकार असेल तर पदर उलटा करून पाहते, कारण हातमागावर विणलेल्या पदराची नक्षी मागूनही जवळपास तशीच दिसते आणि नकलेच्या मागे धागे सुटे लोंबत असतात. पण याच येवल्यातल्या घरात मुलासाठी गेम खेळता येईल असा कॉम्प्युटर घ्यायचे ठरले की ही सगळी चौकसबुद्धी एका प्रश्नावर येऊन थांबते : आय-फाइव्ह घ्यायचा की आय-सेव्हन? बेताच्या पैशात कॉम्प्युटर जुळवणाऱ्याने पहिला प्रश्न हा विचारणेच चूक आहे, असे माझे म्हणणे आहे. पहिला प्रश्न पडद्याचा असावा, दुसरा ग्राफिक कार्डाचा, तिसरा वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसचा. प्रोसेसरचा क्रम त्यानंतर.

पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे, कारण तो अडाणीपणातून आलेला नाही. प्रोसेसर हा कॉम्प्युटरचा मेंदू. मेंदू तल्लख असला की बाकीचे मागाहून सुधारता येते. कार्ड काय, पुढच्या दिवाळीलाही घालता येईल. दुकानात ‘आय-सेव्हन, सोळा जीबी रॅम, एसएसडी, रंगीत दिव्यांचे कॅबिनेट’ असा तयार संच बेताच्या पैशात मिळतो आणि वर दुकानदाराची वॉरंटीही असते. घरात आजवर जे कॉम्प्युटर आले ते टॅलीसाठी, पत्रव्यवहारासाठी, परीक्षांचे अर्ज भरण्यासाठी. त्या कामात प्रोसेसर हेच खरे माप होते. म्हणजे अनुभव खोटा नाही. तो दुसऱ्या कामाचा आहे, एवढेच.

आता ‘आय-सेव्हन’ हे नाव काय सांगते ते पाहू. ते पिढी सांगत नाही. अशा स्वस्त संचांत बहुधा असतो तो आय-सेव्हन २६०० किंवा ३७७०, म्हणजे अनुक्रमे २०११ आणि २०१२ सालचा माल, कुठल्या तरी कचेरीतून निवृत्त होऊन आलेला. ३७७० मध्ये चार कोअर आणि आठ थ्रेड आहेत. २०२२ च्या जानेवारीत आलेल्या आय-थ्री १२१०० मध्येही चार कोअर आणि आठ थ्रेडच आहेत. पण दहा वर्षांत एकेका कोअरचा वेग दीडपटीहून जास्त वाढला. नावाने दोन पायऱ्या खालचा असलेला हा आय-थ्री त्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. जुन्या प्रोसेसरबरोबर जुना एच-६१ चिपसेटचा मदरबोर्ड येतो, डीडीआर-थ्री रॅम येते, आणि तीही सोळा जीबीच्या पुढे वाढत नाही. म्हणजे ‘मागाहून सुधारू’ हे आश्वासन जिथे द्यायचे तिथेच वाट बंद. त्यात भर विंडोजची. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलची साधारण आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. तिसऱ्या पिढीचा आय-सेव्हन त्या यादीत नाही. युक्त्या करून विंडोज ११ बसवता येते, हे खरे. पण व्हॅलोरंटसारखा खेळ विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट असल्याशिवाय चालू होत नाही. ज्या खेळासाठी मुलगा हटून बसला तोच उघडत नसेल, तर त्या मेंदूचे करायचे काय?

खेळ चालतो म्हणजे नेमके काय होते, हे समजले की खर्चाची वाटणी आपोआप सुचते. साध्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. सेकंदाला साठ चित्रे हवी असतील तर दर सेकंदाला सुमारे साडेबारा कोटी ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात. हे काम चार-सहा हुशार कोअरचे नाही. एकसारखे काम एकाच वेळी करणाऱ्या शेकडो साध्या हातांचे आहे. एएमडीच्या आरएक्स ६६०० या मध्यम कार्डात असे १७९२ हात आहेत. पडदा फोर-के घेतला की ठिपके चौपट होतात आणि तेच कार्ड धापा टाकू लागते. म्हणून आधी पडदा ठरवायचा. बेताच्या बजेटला फुल एचडी पडदा पुरेसा आहे, आणि त्याला साजेसे कार्ड घ्यायला एकूण रकमेच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास पैसे गेले तर ते उधळपट्टीचे लक्षण समजू नये. दुकानात ‘ग्राफिक कार्डसकट’ म्हणून जे जीटी ७१० किंवा जीटी ७३० जोडून देतात, त्याची गणना या कार्डांत करायची नाही. त्यावर ‘४ जीबी’ असे ठसठशीत छापलेले असते. पण जीबी म्हणजे कोठाराची जागा, कोठाराच्या दाराची रुंदी नव्हे. जीटी १०३० हे कार्ड आधी जीडीडीआर-फाइव्ह मेमरीसह आले. २०१८ मध्ये त्याच नावाने डीडीआर-फोर मेमरीचे कार्ड विकायला आले आणि मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबीवरून १७ च्याही खाली घसरला. नाव तेच, जीबी तेवढेच आणि खेळ निम्म्यावर. नावावर भरवसा ठेवणाऱ्याने हा एक दाखला विसरू नये.

इथे एक सबळ आक्षेप येतो. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ असे स्पर्धेचे खेळ कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त अवलंबून असतात, मग प्रोसेसरला चौथे स्थान कसे? आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तर महागडा प्रोसेसर हे नाही. या खेळांना वेगवान कोअर लागतात, नावाचा दरारा लागत नाही. आणि तसे कोअर आय-थ्री १२१००एफ किंवा रायझन ५ ५६०० मध्ये पुरेसे आहेत. शिवाय पडदा सेकंदाला पंचाहत्तर वेळाच बदलणारा असेल तर प्रोसेसरने तीनशे चित्रे तयार केली काय आणि शंभर केली काय, नजरेला पडणार पंचाहत्तरच. तीच रक्कम १४४ हर्ट्झच्या पडद्यात घातली तर फरक डोळ्यांना दिसतो.

‘कार्ड पुढच्या वर्षी’ म्हणणाऱ्यांसाठी मात्र मी थोडी जागा सोडतो. आज कार्डाचे पैसे खरोखरच नसतील तर रायझन ५ ५६००जी सारखा, आतच बऱ्यापैकी ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्यावा आणि वर्षभर हलके खेळ खेळावेत. पण मग रॅम सोळा जीबीची एकच पट्टी नको, आठ-आठच्या दोन हव्यात. अशा प्रोसेसरचे ग्राफिक्स रॅममधूनच आपली मेमरी उचलते आणि दोन पट्ट्या म्हणजे त्याला दोन वाटा. एकच पट्टी लावून ‘दुसरी नंतर टाका’ असा सल्ला देणे म्हणजे बैलजोडीतला एकच बैल जुंपून नांगर चालत का नाही म्हणून विचारणे. ५६००जी ची कॅशे ५६०० च्या निम्मी आहे, हेही माहीत असावे. कार्ड आल्यावर तो थोडा मागे पडेल. ही तडजोड आहे, आणि ती तडजोड म्हणूनच करावी. रॅमच्या भावांबद्दल मी आकडे देत नाही. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी इतकी वाढवली की भाव कांद्यासारखे चढले, आणि लासलगावच्या शेजारी राहणाऱ्यांना त्या चढउताराबद्दल मी काय सांगावे?

आता एसएमपीएस. माझ्या म्हणण्याचा खरा भार यावरच आहे. मुंबईत कॉम्प्युटरचा बाजार असलेल्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, तयार होऊन येणारे सल्ले यालाच सर्वांत कमी शब्द देतात. कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या डब्यावर ‘४५० वॅट’ लिहिलेले असते. ही बेरीज ३.३, ५ आणि १२ अशा सगळ्या व्होल्टच्या वाटांची असते. आजचे कार्ड आणि प्रोसेसर मात्र जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या वाटेने घेतात. लेबलावर १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर असतील तर बारा गुणिले अठरा, २१६ वॅट. खरी ताकद तेवढीच. हिशेब करून पाहू : आरएक्स ६६०० ला १३२ वॅट, रायझन ५ ५६०० ला भरात सुमारे ७६, बाकी बोर्ड, पंखे, एसएसडी यांचे मिळून पन्नास धरा. अडीचशे पार झाले. म्हणजे ‘४५० वॅट’ लिहिलेला तो डबा खेळाच्या ऐन रंगात गुपचूप बंद पडणार. तो नुसता बंद पडला तर नशीब. जाताना बोर्ड आणि कार्ड घेऊन गेला तर रडायलाही कोणी येणार नाही.

याला येवल्याची हवा जोडा. तालुका पर्जन्यछायेतला, उन्हाळा कडक, धूळ भरपूर, आणि अनेक घरांत वरच्या खोलीवर पत्रा. एसएमपीएसच्या पोटातल्या कपॅसिटरबद्दल अभियंत्यांचा एक जुना ढोबळ नियम आहे : तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्म्यावर येते. वातानुकूलित खोलीत पाच वर्षे टिकणारा माल पत्र्याखाली त्याच हिशेबाने लवकर दम सोडतो. म्हणून १०५ अंशांना मान्य असलेले कपॅसिटर वापरणाऱ्या, नाव असलेल्या कंपनीचा साडेपाचशे वॅटचा एसएमपीएस घेणे ही चैन नाही. चांगल्या एसएमपीएसमध्ये १०० ते २४० व्होल्टपर्यंत कसाही दाब आला तरी सांभाळून घेण्याची सोय असते. संध्याकाळी दाब पडतो तिथे ही सोय सोन्याची. मागे ११५ आणि २३० लिहिलेले लाल बटण दिसले तर तो जुन्या धाटणीचा माल समजावा. ‘८० प्लस’चा शिक्का पाहावा, पण तो वीज किती वाया जाते याबद्दल बोलतो, टिकाऊपणाची हमी देत नाही. दिव्यांनी झगमगणारे, पुढे काच बसवलेले कॅबिनेट या हवेत भट्टीच होते; पुढे जाळी असलेले साधे कॅबिनेट आणि महिन्यातून एकदा ब्रश हेच बरे. यूपीएसबद्दल एकच : ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, आणि खेळणाऱ्या यंत्रासह पडदा धरला तर तो काठावर येतो. १००० व्हीए घ्यावा. आणि भिंतीतल्या तिसऱ्या पिनेला खरोखर अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. त्याला फार पैसे पडत नाहीत.

‘जुनी कार्डे स्वस्त मिळतात’ हा मोह वेगळा. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने कार्डांवरचे खाणकाम बंद केले आणि दिवसरात्र राबलेली कार्डे बाजारात लोटली. सगळीच वाईट नव्हती. पण पाहून, खेळवून, पंखे तपासून घेणे जमत नसेल आणि पक्के बिल मिळत नसेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नये. लॅपटॉपवाल्यांचा मुद्दा मला अर्धा मान्य आहे : बाभुळगावच्या महाविद्यालयात रोज यंत्र न्यायचे असेल तर लॅपटॉपच हवा. पण त्याच पैशात त्याचे कार्ड हलके असते, आणि ते बदलता येत नाही. ब्लेंडरसारख्या कामासाठी एनव्हिडियाचे कार्ड जास्त सोयीचे पडते, हेही मान्य. तेव्हा आरटीएक्स ३०६० चे बारा जीबीवाले कार्ड घ्यावे, वाटणीचा क्रम तोच राहतो.

शेवटचा आक्षेप गावातल्या दुकानदाराचा आहे, आणि तो मला सर्वांत जास्त पटतो : ऑनलाइन घेतलेला सुटा भाग बिघडला तर तो परत कोण पाठवणार, नाशिकला खेटे कोण घालणार? बरोबर आहे. मग एसएमपीएस, पडदा आणि यूपीएस गावातूनच, पक्क्या बिलावर घ्या. दुकानदार फसवतो असे मी म्हणत नाही. आपण आय-सेव्हन मागतो म्हणून तो आय-सेव्हन मांडून ठेवतो. उद्या गिऱ्हाईक दुसरे काही मागू लागले तर तो तेही आणील. तेव्हा दुकानात गेलात की कॅबिनेटचे दिवे पेटवून दाखवू देऊ नका. एसएमपीएसचा डबा हातात घ्या, पैठणीच्या पदरासारखा उलटा करा, आणि १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत ते मोठ्याने वाचा.