घरटी एक छोटा संगणक : आपणच जुळवू या!

घरात चार मोबाइल आहेत, पण लिहायला बसता येईल असा संगणक एकही नाही, अशी मराठी घरे आपल्या हैदराबादेत थोडीथोडकी नाहीत. हा प्रश्न केवळ सोयी-गैरसोयीचा आहे असे आम्हास वाटत नाही. तो आपल्या भाषेच्या हक्काचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच या अंकात तो मांडत आहोत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले. काचीगुडा, सुलतान बाजारातली आपली घरे मात्र जागच्या जागी राहिली आणि एका रात्रीत भाषिक अल्पसंख्य झाली. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०क आणि ३५०ख ही कलमे आली. पहिल्यात प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे अशी तरतूद आहे, दुसऱ्यात भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याची. मूळचे ३५० वे कलम त्याहून सरळ आहे. संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार ते नागरिकाला देते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही दिला. त्या दिवशी आपण सर्वांनी पेढे वाटले, ते योग्यच झाले.

पण गाऱ्हाणे मांडायचे तर ते आधी लिहावे लागते! दोन पानी निवेदन, शाळेच्या मान्यतेचा पत्रव्यवहार, ग्रंथालयाची पुस्तकसूची, मंडळाच्या सभेचे इतिवृत्त, सभासदांची यादी ही कामे अंगठ्याने होत नाहीत. मोबाइलवर आपण वाचतो, पाहतो, आलेले पुढे ढकलतो. फार तर दोन ओळी लिहितो, त्याही पुष्कळदा रोमन अक्षरांत. मोबाइलला आम्ही नावे ठेवत नाही. पण ज्या घरात भाषा फक्त वाचली आणि ऐकली जाते, लिहिली जात नाही, त्या घरात ती तिसऱ्या पिढीपर्यंत कशीबशी टिकते. चौथ्या पिढीत सणावारापुरती उरते. आपल्या पाहण्यात अशी घरे आहेत.

देशाचे चित्रही याहून वेगळे नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत (जुलै २०१७ ते जून २०१८) असे दिसले, की देशातील जेमतेम १०.७ टक्के घरांत संगणक होता. शहरांत हे प्रमाण २३.४ टक्के, तर खेड्यांत अवघे ४.४ टक्के होते. म्हणजे शहरांतही चारांतल्या तीन घरांत संगणक नव्हता. त्यानंतर २०२० साली टाळेबंदी आली आणि एकाच मोबाइलवर दोन-दोन मुलांची शाळा भरली. त्या अनुभवातूनही आपण फार काही शिकलो असे दिसत नाही.

सरकार काही तरी करील ही आशा जुनी आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांनी एका खासगी कंपनीच्या साह्याने सर्वसामान्यांसाठी ‘सिंप्युटर’ तयार केला. २००१ साली तो जगापुढे आला, २००४ साली बाजारात उतरला. कल्पना उत्तम होती, पण विक्री काही हजारांच्या पुढे गेली नाही. ५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्राने गाजावाजा करून ‘आकाश’ टॅबलेट आणला. सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास खरेदीची किंमत होती. त्याचा पडदा, बॅटरी आणि वेग यांवर इतक्या तक्रारी आल्या, की योजनेचे नावच हास्याचा विषय झाले. दोन्ही वेळी हेतू चांगला होता. पण यंत्र दिल्लीत किंवा प्रयोगशाळेत ठरले आणि घराने ते फक्त स्वीकारायचे होते. बिघडले तर उघडायचे कोणी, सुटा भाग आणायचा कोठून, याचे उत्तर घराजवळ नव्हते.

आज ते उत्तर घराजवळ आहे. संगणक म्हणजे टेबलाखाली ठेवायचा मोठा डबा, ही समजूत आता सोडली पाहिजे. २००१ साली ‘व्हिया’ या तैवानी कंपनीने ‘मिनी-आयटीएक्स’ नावाचा १७ सेंटिमीटर लांब-रुंद मदरबोर्ड पुढे आणला. पुढे इतर कंपन्यांनीही तो आकार स्वीकारला, त्यामुळे एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या पेटीत बसतो. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ब्रिटनमधील एका धर्मादाय संस्थेने ‘रास्पबेरी पाय’ हा हातात मावणारा संगणक ३५ डॉलरला विक्रीस काढला. केंब्रिजमध्ये संगणकशास्त्र शिकायला येणारी मुले कमी होत चालली, याची तिथल्या शिक्षकांना काळजी वाटली आणि त्यातून तो जन्मला. समाजाने स्वतःची गरज ओळखून यंत्र घडवले, ही त्यातली आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट.

आपल्या घरांपुढे दोन सोपे मार्ग आहेत. पहिला, सुटे भाग आणून नवा छोटा संगणक जुळवणे. त्याला काय लागते? मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड, चित्र दाखवण्याची सोय आतच असलेला साधा प्रोसेसर, म्हणजे वेगळे ग्राफिक्स कार्ड नको, ८ जीबी, जमल्यास १६ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी, लहान कॅबिनेट आणि वीजपुरवठ्याचा अडॉप्टर. जोडीला मॉनिटर, की-बोर्ड आणि माउस. पडद्याच्या पाठीमागे स्क्रूने बसणारी पेटीही मिळते, त्यामुळे दोन खोल्यांच्या घरातही जागेची अडचण नाही. असा संगणक सरासरी ४० वॉट घेतो असे धरले, तर रोज ५ तास चालवून महिन्याला ६ युनिट होतात. इन्व्हर्टरवरही तो निवांत चालतो.

दुसरा मार्ग त्याहून स्वस्त. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षे वापरून कार्यालयातले लहान संगणक काढून टाकतात. ते साफसूफ होऊन सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरसारख्या बाजारात येतात. घेताना चार गोष्टी पाहाव्यात : रॅम आणि डिस्क काढता-घालता येते ना, बायोसला आधीच्या मालकाचा पासवर्ड राहिलेला नाही ना, अडॉप्टर मूळचा आहे ना, आणि दुकानदार पक्के बिल देतो ना. बिलाविना घेतलेल्या मालाला कोणी वाली नसतो. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर भडकले, तेव्हा पुरेशी रॅम असलेला जुना संगणक मिळाला तर तो सोडू नये हे पुष्कळांच्या ध्यानात आले.

प्रणालीचा प्रश्नही येतो. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा इंटेल प्रोसेसर लागतो. म्हणून धडधाकट यंत्रे अडगळीत गेली. त्यांवर लिनक्स ही मुक्त प्रणाली घालता येते. तिला परवान्याचे पैसे पडत नाहीत, तीत मराठी लिहिता येते आणि पडद्यावरच्या सूचनाही मोठ्या प्रमाणात मराठीत दिसतात. हे काही हौशी मंडळींचेच काम राहिलेले नाही. केरळच्या सरकारी शाळांनी कित्येक वर्षांपूर्वी मुक्त प्रणाली स्वीकारली, आणि तिथली मुले त्यावर मल्याळममध्ये कामे करतात. तिथे जमते ते आपल्याला का जमू नये? चोरीची प्रणाली मात्र कोणीही घालू नये. हक्क मागणाऱ्याचे हात स्वच्छ हवेत.

आता लिहिण्याच्या मुद्द्यावर येऊ. इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कळफलक आहे. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. तो सर्व प्रमुख प्रणालींत आधीपासून असतो, विकत घ्यावा लागत नाही. त्याचे आपल्यासाठी खास महत्त्व असे, की सगळ्या लिप्यांत एका अक्षराची कळ एकच असते. ज्या कळीवर मराठी ‘क’ उमटतो, त्याच कळीवर तेलुगूचा ‘क’ उमटतो. २०१८ च्या कायद्याने तेलंगणात शाळांमध्ये तेलुगू सक्तीची झाली. आपले मूल घरी इन्स्क्रिप्टवर मराठी शिकले, तर शाळेची तेलुगू लिहायला त्याला नवा कळफलक शिकावा लागत नाही. मराठी म्हणजे मुलावर जादा ओझे, असे म्हणणाऱ्या पालकांनी याचा जरूर विचार करावा.

काही जण विचारतील, लॅपटॉप का नको? कॉलेजात जाणाऱ्याला तो हवाच. पण लॅपटॉप एकाचा असतो आणि तो त्याच्याबरोबर पुण्याला, बंगळुरूला जातो. बैठकीतला संगणक घराचा असतो. त्यावर आजोबा मोठ्या अक्षरांत जुन्या आठवणी लिहितील, आई हिशेब ठेवील, मुले अभ्यास करतील आणि सगळ्यांच्या नजरेसमोर करतील. ट्रंकेतले मोडी कागद, जुनी छायाचित्रे यांच्या प्रती त्यावर राहतील. एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येईल.

पैशाचे काय? आपल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवलेली भिशी हे त्याचे उत्तर आहे. समजा, एका संगणकाला सर्व मिळून २४,००० रुपये लागतात. बारा घरांनी महिना २,००० रुपये घातले, तर दरमहा एक संगणक होतो आणि वर्षात बाराही घरांत पोचतो. जुना घेतला तर हप्ता आणखी कमी. आपल्यातले अनेक तरुण याच शहरातल्या कंपन्यांत संगणकावरच पोट भरतात. त्यांनी महिन्यातून एक रविवार दिला, तर जुळवणी आणि दुरुस्ती दोन्ही होतील आणि शाळकरी मुलांच्याही हाती स्क्रू-ड्रायव्हर येईल.

सरकारकडे आपले मागणे आहेच. ३ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने लॅपटॉप, टॅबलेट आणि अगदी लहान आकाराच्या संगणकांची आयात परवान्याखाली आणली. ओरड झाल्यावर अंमल पुढे ढकलला आणि १ नोव्हेंबरपासून सौम्य पद्धत लावली. देशात माल तयार व्हावा हा हेतू रास्त आहे; पण स्वदेशी नुसत्या अधिसूचनेने येत नाही, जुळवणाऱ्या हातांनी येते. तेव्हा मत मागायला येणाऱ्यांना आपण तीन गोष्टी सांगाव्यात. सरकारी कार्यालये जे संगणक लिलावात काढतात, त्यांतले काही भाषिक अल्पसंख्याकांच्या शाळा व ग्रंथालयांना द्या. खासदारांना स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटींचा निधी असतो, त्यातला वाटा आपल्या अनुदानित शाळांच्या संगणकांसाठी मागू. आणि विद्यार्थ्याच्या घरी येणाऱ्या साध्या संगणकावरचा १८ टक्के जीएसटी कमी करा.

पण मागणी करून हात जोडून बसायचे नाही. निजामी राजवटीत राज्यकारभार उर्दूत चाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. त्याच हैदराबादेत, त्याही आधी, १९०७ साली आपल्या पूर्वजांनी विवेकवर्धिनी उभी केली. सरकार शाळा काढील याची वाट त्यांनी पाहिली नाही. आपल्या पिढीला तर त्या मानाने फारच थोडे करायचे आहे.

येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा, बारा-बारा घरांचे गट करावेत आणि पहिल्या संगणकावर पहिले निवेदन मराठीत लिहून, ३५० व्या कलमाचा उल्लेख करून, संबंधित अधिकाऱ्याकडे पाठवावे, अशी आमची सर्व समाजबांधवांना आणि भगिनींना आग्रहाची विनंती आहे.